अनमोल कीं बिनमोल ?

एखाद्या गृहस्थाला त्याच्या घरच्या मंडळींविषयीं विचारलें, तर तो मुलांचें शिक्षण सांगतो, भावाची नोकरी सांगतो, आणि पत्नीविषयीं प्रश्न निघाला म्हणजे सहज बोलून जातो कीं, 'ती कांहीं करीत नाहीं, घरींच असते.' हें वाक्य बोलणारा मनुष्य दुष्ट नसतो, कृतघ्नही नसतो. त्याच गृहस्थाला दुसऱ्या दिवशीं एखाद्या महिलामंडळाच्या समारंभांत बोलावयास उभें केलें, तर गृहिणीचे श्रम अनमोल आहेत, त्यांची किंमत कोणालाही करतां येणार नाहीं, असें तो तितक्याच प्रामाणिकपणें सांगेल. हीं दोन वाक्यें वरवर पाहतां परस्परविरुद्ध वाटतात. पण थोडें खोल पाहिलें म्हणजे तीं एकाच समजुतीचीं दोन रूपें आहेत असें दिसून येतें. जिची किंमत करतां येत नाहीं ती वस्तु अनमोल. जिची किंमत कोणी देत नाहीं ती बिनमोल. भाषेंत या दोन शब्दांमध्यें महदंतर आहे; व्यवहारांत मात्र पहिल्या शब्दाचा उपयोग दुसऱ्यावर पांघरूण घालण्याकडेच होत आला आहे. स्त्रियांच्या श्रमाचा इतिहास हा बव्हंशीं या पांघरुणाचा इतिहास आहे, आणि तें थोडें बाजूस सारून पाहण्याचा प्रस्तुत लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्त्रिया पूर्वीं घरांत बसून असत, आणि शिक्षणाचा प्रसार झाल्यावर त्या काम करूं लागल्या, असा समज सुशिक्षित वर्गांत पुष्कळ रूढ आहे. आपल्याच वर्गाच्या अनुभवावरून साऱ्या समाजाचें अनुमान काढल्यामुळें तो झालेला आहे. पेरणीपासून मळणीपर्यंत शेतांत राबणारी, डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणारी, विणकराच्या घरीं सूत भरणारी स्त्री काम करीत नव्हती असा काळच नाहीं. इतकेंच नव्हे, तर तिच्या कामाला वेतन असावें ही कल्पनाही नवी नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध झालें, तेव्हां विद्वानांचें लक्ष त्यांतील राजनीतीच्या प्रकरणांकडे विशेष गेलें. पण त्याच ग्रंथांत सूत्राध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें एक प्रकरण आहे, तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक बोलकें आहे. विधवा, अपंग स्त्रिया, कुमारिका, संन्यासिनी इत्यादिकांकडून सूत कातून घ्यावें. सूत जाड, मध्यम कीं बारीक हें पाहून वेतन ठरवावें. ज्या घराबाहेर पडत नाहींत त्यांना दासींच्या हातीं काम पोंचवावें. वेतन देण्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड व्हावा, असे नियम त्यांत घातले आहेत. वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीला तेथें सांगितलेली शिक्षा क्रूर आहे, आणि ती सारी व्यवस्था आदर्श होती असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु स्त्रीनें घरीं बसून केलेलें कामही मोजतां येतें, त्याचा दर ठरवितां येतो, हें या देशाला फार प्राचीन काळींच ठाऊक होतें, एवढें त्यावरून निश्चित होतें. मोजण्याची विद्या नव्हती म्हणून मोजलें नाहीं, ही सबब त्यामुळें टिकत नाहीं.

मग अडचण कोठें होती ? ती श्रम ओळखण्यांत नव्हती. श्रमाचें फळ कोणाचें, या प्रश्नांत होती. मनुस्मृतींत भार्या, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन मानले असून, ते जें मिळवितील तें ते ज्याचे असतील त्याचें, असा निर्णय दिला आहे. स्त्रीधनाचा बारकाईनें विचार करणाऱ्या कात्यायनानेंही, स्त्रीनें शिल्पकौशल्यानें मिळविलेल्या धनावर पतीचें स्वामित्व सांगितलें आहे. म्हणजे माहेराहून आलेला दागिना तिचा. पण स्वतःच्या बोटांनीं मिळविलेला पैसा मात्र तिचा नव्हे! ही केवळ आपल्याच शास्त्रकारांची दृष्टि होती असें मात्र कोणीं समजूं नये. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची, हें तत्त्व इंग्लंडच्या कायद्यानें मान्य केलें तें १८७० सालीं. म्हणजे स्त्रियांच्या परवशतेवरील मिल्लचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडल्यानंतर एका वर्षानें. आपल्याकडे हिंदु स्त्रीच्या हातीं आलेली मालमत्ता पूर्णपणें तिच्या स्वामित्वाची, असें कायद्यानें निःसंदिग्ध शब्दांत म्हणावयास १९५६ साल उजाडावें लागलें.

कायदा बदलला म्हणजे दृष्टि बदलतेच असें नाहीं. ती पाहावयाची असेल तर कायद्याच्या पुस्तकापेक्षां घरांतील जात्याकडे वळावें. अनेक शतकें महाराष्ट्रांतील घरोघरच्या दिवसाचा आरंभ पहाटेच्या दळणानें होत असे. त्या श्रमांतून जी ओवी निघाली तिचें कौतुक आमच्या साहित्यानें मनापासून केलें. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नानें खेड्यापाड्यांतून संग्रहित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि हा संग्रह म्हणजे मराठी भाषेचें मोठेंच धन होय. परंतु ओव्या जमा झाल्या, तरी दळणाचा हिशेब कोठेंच जमा झाला नाहीं. पुढें एंजिनावर आणि मग विजेवर चालणारी पिठाची गिरणी गांवोगांव आली. बायकांच्या खांद्यावरचें एक मोठें ओझें उतरलें, आणि तें उतरलें हें फार चांगलें झालें. जात्याच्या आठवणीनें आज हळहळणाऱ्यांपैकीं जातें ओढलेले फार थोडे असतील. पण या स्थित्यंतरांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. धान्य घरीं दळलें जात होतें तोंपर्यंत तें काम नव्हतें, रीत होती. तेंच धान्य गिरणींत जातांच त्याला वजनावर दर लागला, दुकानाला पाटी लागली, आणि तें चालविणारा (तो बहुधा पुरुषच असे) धंदेवाला गृहस्थ ठरला. शिवण घरांत असेल तर तो बायकांचा हातगुण, बाजारांत गेलें म्हणजे शिंप्याचा धंदा. रोजचा स्वयंपाक म्हणजे गृहिणीचें कर्तव्य, पंगतीचा स्वयंपाक म्हणजे आचाऱ्याची मजुरी. श्रम तेच, वस्तु तीच. बदलतो तो केवळ देणारा व घेणारा यांचा संबंध. यावरून आमचा पहिला निष्कर्ष असा कीं, समाज एखाद्या श्रमाला काम म्हणतो तें त्या श्रमाचें स्वरूप पाहून नव्हे, तर तो परक्याला विकला जातो कीं नाहीं हें पाहून.

बरें, परक्याला विकल्या जाणाऱ्या श्रमांत तरी स्त्रीची गणना नीट होते काय ? याचें उत्तर शोधण्यास आम्हां कोल्हापुरकरांना दूर जावयास नको. कोल्हापुरी चपलेचाच धंदा घ्या. बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावलेलें कातडें कापणें, ठोकणें, त्याला आकार देणें हें काम सामान्यतः पुरुषांचें; पण पट्ट्यावरची नाजूक वेणी गुंफणें, बारीक शिवण घालणें हीं कामें बहुशः घरांतील स्त्रिया करतात. २०१९ सालीं या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालें. २०२५ च्या जूनमध्यें मिलान शहरीं प्राडा या पेढीनें तिच्याच धर्तीचीं पादत्राणें मूळ स्थानाचा नामनिर्देश न करतां मांडलीं, तेव्हां कोल्हापुरांत आणि बाहेरही संताप व्यक्त झाला, आणि त्या पेढीला भारतीय परंपरेचा उल्लेख अखेर करावा लागला. तो संताप योग्यच होता. कारण ज्याचें काम त्याचें नांव, हें न्यायाचें तत्त्व त्यामागें होतें. परंतु तेंच तत्त्व थोडें आंतल्या बाजूस वळवून पाहावें. कारागीर हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें हातोडी घेतलेला पुरुष उभा राहतो. त्याच्या शेजारीं वेणी गुंफीत बसलेली त्याची बायको कां उभी राहत नाहीं? जो जाब आपण मिलानला विचारला, तो आपल्याच अंगणांत कोणीं विचारला तर उत्तर देणें सोपें नाहीं.

याहूनही बोलका शब्द आपल्या उंसाच्या फडांत ऐकूं येतो. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे बीड आणि मराठवाड्याचे इतर भाग येथून हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतही, तोडणीसाठीं येतात. मुकादमाच्या हिशेबांत या मजुरांची मोजणी माणशीं होत नाहीं. ती कोयत्यावर होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटें माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हंगामाची उचल घेतली जाते ती बहुधा पुरुषाच्या हातीं. फडांत पुरुष ऊंस तोडतो. स्त्री पाला काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. आणि त्याआधीं पहाटे व त्यानंतर रात्रीं खोपींतली चूल आणि मुलें तीच सांभाळते. विवाह म्हणजे दोन जीवांचें ऐक्य, असें म्हणण्याची आपली रीत आहे. त्या ऐक्याचा इतका चोख व्यावहारिक अर्थ दुसऱ्या कोणीं काढला नसेल! अर्धा कोयता तिचा आहे हें हिशेब स्वतःच कबूल करतो. पण त्या अर्ध्याचें दाम तिच्या हातांत पडत नाहीं, आणि त्यावर तिचें नांवही नसतें.

या हिशेबाचा शेवट कोठें होतो, तें २०१९ सालीं उघडकीस आलें. बीड जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊंसतोड स्त्रियांची सरकारी समितीमार्फत पाहणी झाली, तेव्हां त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. त्यामागें दारिद्र्य, लहान वयांतील विवाह, वैद्यकीय व्यवहारांतील लोभ अशीं अनेक कारणें आहेत. पण दुखण्याच्या दिवसांतही विसांवा नाहीं, आणि खाडा झाला तर त्याचे पैसे भरावे लागतात, ही परिस्थितिही त्या कारणांत होती हें नाकारतां येत नाहीं. ज्या हिशेबांत स्त्रीच्या शरीराला जागाच ठेवलेली नसते, त्या हिशेबांत बसण्यासाठीं तिला शरीरच कापून घ्यावें लागतें. आपल्या चहांत साखर विरघळते तेव्हां ही गोष्ट आपल्या मनांत येत नाहीं, कारण साखरेच्या किंमतींत ती कोठेंच लिहिलेली नसते.

दुसरा मार्ग अशक्य होता असें मात्र नव्हे. मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. या देशांतील त्या प्रकारचा तो पहिलाच कायदा होय. कायदेमंडळांत त्या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते, आणि मातेला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे अशी त्यांची भूमिका होती. १९७२ च्या दुष्काळांत वाढीस लागलेल्या आणि १९७७ च्या कायद्यानें हक्काचें स्वरूप पावलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेंत स्त्रीपुरुषांना मजुरीचा दर एकच ठरला. खडी फोडणें हें कांहीं सुखाचें काम नव्हे; परंतु एका पाटी मातीची किंमत ती वाहणाऱ्याच्या लिंगावरून ठरूं नये, हें त्या योजनेनें मान्य केलें. मनांत आणलें तर समाजाला मोजतां येतें, हें यावरून पुनः एकदां दिसून आलें.

येथवरचें आमचें म्हणणें पुष्कळांना पटेल. जेथें मजुरी मिळते तेथें ती जिची तिला मिळावी, याला उघड विरोध कोण करील ? खरी अडचण घरांतील बिनमजुरीच्या कामाची आहे. आणि त्याबाबत जो आक्षेप घेतला जातो त्याला आम्ही हलका मानीत नाहीं. आई तान्ह्या मुलासाठीं रात्र जागते, सून आजारी सासऱ्याची शुश्रूषा करते, या गोष्टींना दर लावणें म्हणजे त्यांतला जीव काढून घेणें होय. घर म्हणजे कचेरी नव्हे. जेथें प्रेम आहे तेथें हिशेब कशाला, असें आक्षेपक विचारतो. या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. जें प्रेमानें दिलें जातें त्याला बाजारभाव लावल्यानें तें वाढत नाहीं. पिगू या अर्थशास्त्रज्ञानें १९२० सालीं एक गंमत दाखवून दिली होती. घर सांभाळण्यासाठीं ठेवलेल्या पगारी बाईशीं मालकानें लग्न केलें, तर काम तेंच चालूं राहूनही राष्ट्राचें उत्पन्न तिच्या पगाराइतकें घटलेलें दिसतें ! बाजाराच्या मापाला घराचें मोजमाप साधत नाहीं, एवढें या उदाहरणावरून कोणीही कबूल करील.

पण आक्षेपकाला आमचा उलट प्रश्न आहे. प्रेमामुळें हिशेबाची गरज उरत नाहीं हें खरें धरलें, तर त्या प्रेमाचा भार एकाच बाजूवर कां पडतो ? देशांतील लोक दिवसाचा वेळ कसा घालवितात याची राष्ट्रीय पाहणी २०१९ सालीं झाली. दिवसांत कांहीं तरी बिनमजुरीचें घरकाम करणारे पुरुष शेंकडा २६ निघाले, तर स्त्रिया शेंकडा ८१. आणि जे करतात त्यांच्यापुरतें पाहिलें, तरी पुरुषांचा त्यांत सरासरी ९७ मिनिटें वेळ जातो, स्त्रियांचा २९९ मिनिटें. बापाची घरावरची माया आईच्या मायेच्या एक-तृतीयांश असते असें कोणी म्हणणार आहे काय ? अर्थात् हा फरक प्रेमाचा नव्हे, रिवाजाचा आहे. आणि रिवाजाला प्रेमाचें नांव देऊन प्रश्न मिटवितां येणार नाहीं.

शिवाय, जें मोजतां येत नाहीं असें आपण म्हणतों, तें मोजण्याची वेळ आली म्हणजे आपण मोजतोंच. फक्त ती स्त्री तेव्हां जिवंत नसते. १९८९ सालीं जमशेदपूर येथें एका समारंभाच्या मंडपाला आग लागून अनेक स्त्रिया व मुलें मृत्यु पावलीं. त्यांच्या आप्तांना नुकसानभरपाई किती द्यावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि २००१ सालीं न्यायालयानें गृहिणीच्या सेवेचें मोल दरमहा ३००० रुपये धरलें. २००१ च्या जनगणनेंत तर घरकाम करणाऱ्या स्त्रियांना अनुत्पादक ठरवून भिकारी व कैदी यांच्या पंक्तीला बसविलें होतें. त्याबद्दल त्याच न्यायालयानें २०१० सालीं कठोर शब्दांत नापसंती दर्शविली. २०२१ सालीं पुनः एका निकालांत, गृहिणीचें उत्पन्न मानीव रीतीनें धरणें हें तिच्या श्रमाला मान देणेंच होय, असा विचार मांडला गेला. न्यायाधीशांनीं आपलें काम केलें. पण ज्या श्रमाचा आंकडा मृत्यूनंतर वकिलाला सांगतां येतो, तो जिवंतपणीं नवऱ्याला, मुलांना, किंबहुना स्वतः तिलाही ठाऊक नसावा, ही गोष्ट लाजिरवाणी नव्हे काय ?

तर मग घरांतही मजुरीची पावती फाडावी काय ? आमचें उत्तर नकारार्थी आहे. किंमत आणि ऋण या दोन निराळ्या कल्पना आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेंच हा वाद अडून बसला आहे. किंमत चुकती केली कीं संबंध संपतो. ऋणाचें तसें नसतें. आपल्या परंपरेनें मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें मानलें: देवऋण, ऋषिऋण व पितृऋण. यांपैकीं एकही नाण्यांत फिटणारें नाहीं. परंतु नाण्यांत फिटत नाहीं म्हणून तें नाहींच, असें कोणा शास्त्रकारानें म्हटलें नाहीं. उलट, तें फिटणारें नाहीं म्हणूनच त्यानें यज्ञ, अध्ययन, प्रजोत्पादन अशीं नित्य आचरणाचीं कर्में सांगितलीं. गृहिणीच्या श्रमाला अनमोल म्हणणाऱ्यानें तो शब्द मनापासून उच्चारला असेल, तर त्यानें हाच न्याय येथें लावावा. अनमोल म्हणजे फुकट नव्हे. अनमोल म्हणजे जन्मभर आचरणानें फेडीत राहावयाचें ऋण.

हें आचरण कोणतें, हेंही सांगितलें पाहिजे. नाहीं तर आम्हीही समारंभांतील वक्त्यांच्याच रांगेंत जाऊन बसूं. पहिलें, कामाची वांटणी. मदत या शब्दानें समाधान होणें योग्य नाहीं. कारण मदत दुसऱ्याच्या कामांत करतात, आणि घर तर दोघांचें आहे. दुसरें, फळाची वांटणी. दोघांच्या श्रमानें जें घर, जी शेती, जी शिल्लक उभी राहिली, तिच्या कागदावर दोघांचीं नांवें असावींत. आणि जेथें कोयत्यासारखी जोडमजुरी आहे, तेथें प्रत्येकाचें दाम ज्याच्या त्याच्या हातांत पडावें. तिसरें, विसांवा. सणावारीं साऱ्या घराला सुटी असते आणि चुलीला दुप्पट काम असतें, हा आपल्या घरांतील क्रम निदान आपण ओळखला पाहिजे.

सुशिक्षित घरांपुढें याखेरीज आणखी एक कसोटी आहे. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हां कोल्हापूर संस्थानानें आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. १८८७ च्या फेब्रुवारींत त्यांचें निधन झाल्यामुळें त्या रुजू होऊं शकल्या नाहींत. पुढें शाहू महाराजांच्या साहाय्यानें शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं याच शहरांत रुग्णसेवा केली. तेव्हांपासून आमच्या लेकीसुना शाळांत, कचेऱ्यांत, इस्पितळांत आल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्या घरांतील काम त्यामुळें नाहींसें झालें नाहीं. तें कांहीं अंशीं त्यांच्याच संध्याकाळीं जाऊन पडलें, आणि कांहीं अंशीं मोलकरणीकडे गेलें. मराठी भाषेचा प्रामाणिकपणा असा कीं, घरांत राबणाऱ्या साऱ्या स्त्रियांत जिच्या नांवांतच मोल आहे अशी ही एकटीच. पुण्यांतील मोलकरणींनीं १९८० सालीं संप केला आणि आपल्या संघटनेला तेंच नांव अभिमानानें लावलें. २००८ सालीं राज्यानें घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं मंडळ स्थापण्याचा कायदा केला. तरी आठवड्याची सुटी, आजारपणाचा पगार, वेळेवर वाढ या गोष्टी अजून बहुतेक घरांत मालकिणीच्या मर्जीवर अवलंबून आहेत. एका स्त्रीचें स्वातंत्र्य दुसरीच्या बिनहिशेबी श्रमावर उभें राहिलें, तर जुनाच अन्याय एका पायरीनें खालीं सरकला, एवढेंच म्हणतां येईल.

मागील पिढ्यांचा हिशेब आतां मांडतां येणार नाहीं. पहाटे जातें ओढणाऱ्या त्या असंख्य हातांना द्यावयाचें आपल्याजवळ कांहीं उरलेलें नाहीं. पण आजच्या घरांतील, आजच्या फडांतील आणि उद्यां सकाळीं आपल्या दारांत उभी राहणाऱ्या मोलकरणीचा हिशेब अजून आपल्या हातांत आहे. तो मांडावयास बसतांना वाचकांनीं प्रथम आपल्या घराच्या कागदपत्रांवर कोणाकोणाचीं नांवें आहेत तें पाहावें, आणि त्यानंतर मग अनमोल हा शब्द उच्चारावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.